अंगणवाडीतल्या मोबाईलवरही फेलोशिप मिळते का?

मागच्या अंकात डिजिटल हक्क आणि इंटरनेट धोरणावरच्या संशोधन फेलोशिपबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे आपल्यासारख्या विकसनशील देशांतल्या लोकांनी आपल्याच भागातल्या इंटरनेटचा अभ्यास करावा म्हणून काही संस्था सहा महिने ते वर्षभराचा खर्च देतात, एवढंच. त्यावर कळव्यापासून बदलापूरपर्यंत आणि ऐरोलीपासून नेरुळपर्यंत इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि सगळ्यांची नावं काढलीत.

प्रश्न : ताई, माझी आई कळव्यात अंगणवाडी सेविका आहे. मी समाजशास्त्रात एमए केलंय. आईच्या मोबाईलवर पोषण ट्रॅकर आहे, म्हणजे अंगणवाडीतल्या बाया-मुलांची माहिती भरायचं सरकारी ॲप, संध्याकाळी तिच्याबरोबर बसून मीच बरीचशी माहिती भरायला मदत करते. चेहऱ्याचा फोटो जुळला नाही की बायका आईवर चिडतात, आई रडकुंडीला येते. तुमचं वाचून वाटलं यावर काही करता येईल का, पण मैत्रिणी म्हणतात या फेलोशिप वकिलांना नाहीतर दिल्लीवाल्यांना मिळतात. माझं इंग्रजीपण साधारणच आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू रोज संध्याकाळी घरात बसून जे बघतेस ते बघायला मिळावं म्हणून मोठमोठे संशोधक महिनोन्महिने परवानग्या मागत फिरतात आणि तरी त्यांना अंगणवाडीच्या दारातूनच परत यावं लागतं, म्हणून आधी हे मनातून काढून टाक की हा विषय छोटा आहे. पोषण ट्रॅकर २०२१ मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत करायचं आंदोलन केलं, कारण फोन गरम व्हायचे, हँग व्हायचे आणि ॲप इंग्रजीत होतं. तुझ्या आईला आठवत असेल ते. मग २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहारासाठी, म्हणजे टीएचआरसाठी, चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. आता डिजिटल हक्क म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी तरी हेच सांगेन, की गरोदर बाईला पाकीट मिळायचं की नाही हे एक कॅमेरा ठरवतो आणि नाही जुळलं तर दाद कोणाकडे मागायची ते तिला माहीत नाही, सेविकेलाही नाही.

पण अर्जात हे असंच्या असं लिहून चालत नाही. मी स्वतः पहिला अर्ज केला होता तेव्हा विषय लिहिला होता 'विकसनशील देशांतील डिजिटल ओळख आणि नागरिकांचे अधिकार', आणि दोन ओळींचा नकार आला. फार वाईट वाटलं होतं, पण पुढे त्याच क्षेत्रातल्या एका बाईंनी समोर बसवून सांगितलं की या विषयावर दहा माणसं दहा वर्षं काम करतील, तू आठ महिन्यांत काय करणार ते सांग. तेव्हा तू प्रश्न घट्ट कर. उदाहरणार्थ, अमुक बीटमधल्या (म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या) अमुक अंगणवाड्यांत तीन महिन्यांत चेहरा न जुळल्यामुळे किती वेळा आहार द्यायचा राहिला आणि त्या वेळी सेविकेनं काय केलं. बस एवढंच. सेविकेनं काय केलं हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कोणी शेजारणीचा चांगला फोन आणते, कोणी बाईला उन्हात उभं करून परत फोटो काढते, कोणी आधी आहार देऊन टाकते आणि एंट्री नंतर करते, आणि हे कुठल्याही सरकारी आकड्यात दिसत नाही.

आता यात बाकीचे देश कुठे आले असं तुला वाटेल. केनियात हुडुमा नंबर नावाची आपल्या आधारसारखीच योजना आली होती, तिथल्या हायकोर्टानं जानेवारी २०२० मध्ये आधी माहिती संरक्षणाची नीट चौकट करा म्हणून ती अडवली आणि २०२१ मध्ये परत सरकारला फटकारलं, कारण लोकांच्या खासगीपणावर काय परिणाम होईल याचं मूल्यमापनच केलं नव्हतं. आणि जमैकाची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडे २६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टात आधारचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला, तो एक म्हणजे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. आधार कायदा घटनाबाह्य आहे हे त्यांचं मत इथे अल्पमतात गेलं, पण पुढच्याच एप्रिलमध्ये जमैकाच्या कोर्टानं त्यांचा राष्ट्रीय ओळखपत्राचा कायदा रद्द केला तेव्हा चंद्रचूडांच्या त्याच निकालपत्राचा आधार घेतला. इतक्या लांब! म्हणून कळव्यातली नोंद युगांडातल्या कंपालाच्या किंवा केनियातल्या नैरोबीच्या माणसाच्या कामाची असू शकते, आणि अर्जातला 'या अभ्यासाचा इतर देशांना उपयोग काय' हा रकाना तू अशा उदाहरणांनी भरू शकतेस.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीनं सांगते. आईच्या लॉगिनमधली कुठलीही माहिती, एकही स्क्रीनशॉट, एकही नाव वापरायचं नाही. ती माहिती त्या बायकांची आणि त्यांच्या बाळांची आहे, शिवाय सेविका मानधनावर असतात, उद्या तिला नोटीस आली तर तुझी फेलोशिप काही कामाची नाही. आईचा प्रकल्प, म्हणजे तिची अंगणवाडी ज्या सरकारी विभागात येते तो, सोड, दिव्याला किंवा मुंब्र्याला दुसऱ्या प्रकल्पात जा, सेविकांच्या संघटनेतून ओळख काढ, प्रत्येकीला आधी मराठीत समजावून सांग की नाव येणार नाही आणि तुम्ही कधीही नाही म्हणू शकता, आणि वहीत नावांऐवजी खुणा लिही. हे अर्जातही सविस्तर लिही. निवड करणारे हा भाग खूप बारकाईनं वाचतात.

इंग्रजीचं म्हणशील तर अर्ज बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतो, ते खरं आहे. पण आधी सगळं मराठीत लिहून काढ, अगदी आईला वाचून दाखव, तिला कळलं की मग इंग्रजी करून घे. उलट्या क्रमानं केलं की जड जड शब्द येतात आणि तुझी आई त्यातून गायब होते.

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो, वय ३४, नेटवर्क इंजिनीअर. ठाणे-बेलापूर रोडला डेटा सेंटरमध्ये अकरा वर्षं काढली. मला धोरण वगैरे काही येत नाही पण नेटवर्क येतं. अशा माणसाला या क्षेत्रात जागा आहे का?

आहे आणि फार गरज आहे, कारण कायद्यावर लिहिणारे भरपूर आहेत पण केबलच्या दुसऱ्या टोकाला काय होतं हे सांगणारे थोडे. एक विषय सांगते. आपल्याकडे वेबसाईट बंद करायचे आदेश आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली निघतात आणि २००९ च्या नियमांमधला नियम १६ म्हणतो की ही सगळी प्रक्रिया गोपनीय ठेवायची, म्हणजे सामान्य माणसाला यादी बघायला मिळत नाही. मग कळणार कसं काय बंद आहे? तर मोजून. ऊनी (OONI) नावाचा प्रकल्प २०१२ पासून जगभर हे मोजतोय, त्यांचं ॲप कोणीही फोनवर चालवू शकतं. आणि बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्या वेगवेगळ्याच साईट बंद करतात, एकीकडे उघडते ती दुसरीकडे उघडत नाही. हे असलं काम वकिलाला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

दुसरा विषय तुमच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडेच आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर वाढतायत, त्यांना वीज किती लागते, थंड ठेवायला पाणी किती आणि कुठून, शेजारच्या वस्तीला त्याबद्दल कधी कोणी विचारलं का. इंटरनेट धोरण म्हटलं की लोकांना भाषणस्वातंत्र्यच आठवतं, पण माझ्या मते पुढची काही वर्षं जमीन-वीज-पाणी हाच मोठा प्रश्न असणार आहे. फक्त सध्याची नोकरी करता करता हा दुसरा विषय घेऊ नका. ऑफर लेटर काढून बाहेरच्या कामाबद्दलची अट वाचा, गोपनीयतेचा करार वाचा, आणि पहिल्या विषयाची मोजणीसुद्धा घरच्या कनेक्शनवरून करा, कंपनीच्या नेटवर्कला हात लावू नका.

प्रश्न : बदलापूरहून लिहितेय, लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या आंदोलनानंतर आमच्याकडे नेट बंद केलं होतं. यावर अभ्यास करावासा वाटतो पण सर म्हणतात हा काश्मीर-मणिपूरचा विषय आहे, ठाणे जिल्ह्याचा नाही.

सरांचा आदर ठेवून सांगते, मला हे पटत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, बंद पाळला गेला, त्यावर एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीनं ते नुसतं लाईक केलं, दोघींना अटक झाली. कुठे? पालघरला, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ती बातमी वाचून विशीतल्या श्रेया सिंघल सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्यातलं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिलं म्हणून शिक्षा करणारं कलम, पूर्ण रद्द झालं. भारतातल्या इंटरनेट कायद्याचा इतका मोठा निकाल आपल्या जिल्ह्यातल्या एका लाईकवरून सुरू झाला, तेव्हा ठाणे जिल्ह्याचा विषय नाही असं कोणी म्हटलं तर हे सांगायचं.

आता तुझ्या अभ्यासाचं. काश्मीरमधल्या नेट बंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, बंदी बेमुदत ठेवता येणार नाही आणि जेवढी गरज तेवढीच असली पाहिजे. म्हणजे तुझा पहिला प्रश्न तयार आहे, बदलापूरचा आदेश प्रसिद्ध झाला का, कुठे, आणि त्यात कारण काय लिहिलंय. आदेश काढायचा अधिकार राज्यात गृह सचिवांचा, आणि त्या वेळच्या नियमांप्रमाणे मुख्य सचिवांच्या समितीनं पाच कामाच्या दिवसांत त्याचा आढावा घ्यायचा होता. त्या बैठकीचं इतिवृत्त माग. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील, आणि उत्तर 'माहिती देता येत नाही' असं आलं तरी ते फाडून टाकू नकोस, तो नकारच तुझा पुरावा आहे. बीडला ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी नेट बंद झालं होतं, जालना-संभाजीनगरकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेही आदेश माग म्हणजे तुला तुलना करता येईल.

आणि नुसते कागद नको. स्टेशनबाहेरचा वडापाववाला त्या दिवशी यूपीआय नसताना किती गिऱ्हाईकं सोडून बसला, रिक्षावाले, घरून काम करणाऱ्या मुली, डायलिसिसची अपॉइंटमेंट ॲपवर असलेले लोक, यांच्याकडे जा. लवकर जा, कारण लोक विसरतात. ॲक्सेस नाऊ ही संस्था दरवर्षी जगातल्या नेट बंदी मोजते, त्यांच्या मोजणीत २०२४ ला म्यानमारमध्ये ८५ आणि भारतात ८४ होत्या. त्या ८४ मधली एकेक गोष्ट आतून कोणीतरी लिहायला पाहिजे.

प्रश्न : नक्की कुठे बघायचं? नावं सांगा ना. (हा प्रश्न नऊ जणांनी विचारलाय.)

आधी एक फरक लक्षात घ्या. आयकॅनसारख्या (इंटरनेटवरची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या) संस्थांच्या फेलोशिप असतात त्या मुख्यतः बैठकांना जायचा-यायचा खर्च देणाऱ्या, शिकायला छान, माणसं भेटतात, पण त्यात संशोधनाचा पगार नसतो. संशोधनासाठी म्हणाल तर भारतात बेंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आणि आयटी फॉर चेंज, दिल्लीची इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन आणि एसएफएलसी (सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर), यांच्या साईट महिन्यातून एकदा उघडून बघत जा, फेलोशिप नसली तरी छोट्या मुदतीची कामं निघतात. बाहेर कोलंबोची लिर्नेशिया, कंपालाची सिपेसा, केपटाउनची रिसर्च आयसीटी आफ्रिका, चिलीची देरेचोस दिजितालेस, रिओला एका विद्यापीठात चालणारा सायबरब्रिक्स प्रकल्प. यातल्या काही फक्त आपापल्या खंडातल्या लोकांना घेतात तरीही त्यांचे अहवाल वाचाच, कारण त्यांचे प्रश्न आपल्यासारखे आहेत. युगांडानं २०१८ मध्ये व्हॉट्सॲप-फेसबुक वापरायला दिवसाला २०० शिलिंग कर लावला होता, गरीब माणूस नेटवरूनच उतरला तर काय होतं ते तिथल्या लोकांनी लिहून ठेवलंय आणि ते वाचून आपला रिचार्ज महागला की काय बघायचं ते कळतं.

एक वाईट बातमीपण सांगायला हवी. २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदतीचा हात आखडला, यूएसएड ही त्यांची मदत वाटणारी सरकारी संस्था बंदच झाली, त्यामुळे या क्षेत्रातला पैसा आटलाय. जुन्या यादीतली फेलोशिप यंदा असेलच असं धरून नोकरी सोडू नका, संस्थेला मेल करून विचारा.

प्रश्न : माझी मुलगी महापेची चांगली नोकरी सोडून दहा महिन्यांच्या फेलोशिपला जायचं म्हणतेय. पैसे बाहेरच्या देशातून येणार. आमच्या यजमानांना भीती वाटते की परदेशी पैसा म्हणजे उद्या पोलीस दारात. तुम्हीच सांगा, नेरुळच्या एका आईची काळजी समजून घ्या.

काळजी समजते वहिनी, आणि ती निराधार नाहीये, कारण परदेशी पैशाचा कायदा खरंच कडक आहे. पण तो मुख्यतः संस्थांना लागतो. एफसीआरए कायद्याच्या कलम ३ मध्ये निवडणुकीचे उमेदवार, पत्रकार, न्यायाधीश, सरकारी नोकर, आमदार-खासदार अशा काही जणांना परदेशी पैसा घ्यायला बंदी आहे आणि कलम ४ मध्ये त्यांनाही शिष्यवृत्ती आणि स्टायपेंडची सूट दिलीय. तुमची मुलगी खासगी नोकरीत आहे. तरी पैसे बँकेतूनच यावेत, करारपत्रात 'संशोधन फेलोशिप' असं स्वच्छ लिहिलेलं असावं, आणि टॅक्स लागतो का ते सीएला ते पत्र दाखवून विचारावं, तोंडी सांगून नाही. एक तपासून घ्यायला सांगा, पैसे थेट बाहेरची संस्था देणार की इथली एखादी संस्था मध्ये आहे, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं आलेला परदेशी पैसा दुसऱ्याला देणं बंद झालंय. मध्ये कोणी असेल तर रचना काय आहे ते लेखी घ्या.

पीएफ नसतो, मेडिक्लेम बहुतेक नसतो, दहा महिन्यांनंतर काय याचं उत्तर कोणी देत नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर तिला जाऊ द्या असं मी म्हणेन. ती नोकरी परत मिळेल, मुलीचा हा उत्साह तीस वर्षांनी मिळणार नाही.

प्रश्न : घणसोलीला राहतो. व्हॉट्सॲपवर 'आंतरराष्ट्रीय डिजिटल फेलोशिप' साठी निवड झाल्याचं पत्र आलंय, ४,५०० रुपये प्रोसेसिंग फी मागतायत. भरू का?

नाही. अर्ज न करता निवड होत नाही आणि निवडलेल्याकडून फी कोणी घेत नाही. भरले असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे मिळणं अवघड.

प्रश्न : मी नौपाड्यातला निवृत्त शिक्षक, वय ६७. तलावपाळीवर सकाळी आम्ही सात-आठ जण जमतो, त्यात तुमच्या मागच्या लेखावर चर्चा झाली. या सगळ्यात मराठीला काही स्थान आहे का, आणि आमच्या वयाच्या माणसांना काही करता येईल का?

सर, तुमच्या पत्रानं फार बरं वाटलं. स्थान कायद्यानंच दिलंय आणि कोणी मागत नाहीये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की तुमची माहिती घेताना जी सूचना द्यायची ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला हवा. त्या २२ भाषांत मराठी आहेच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने मिळालेत, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापासून हे बंधनकारक होईल.

मग मधल्या काळात कोणीतरी नोंद ठेवायला नको का, की आज काय आहे? तुम्ही आठ जण आहात. प्रत्येकानं आपल्या फोनमधली पाच ॲप घ्या, वीजबिल, गॅस, बँक, औषधं मागवायचं, रेल्वेचं, अशी रोजची, परवानगीची सूचना मराठीत दिसते का बघा, दिसत असेल तर ती समजते का तेही बघा, कारण यंत्रानं केलेलं मराठी वाचून तुम्हालाच समजलं नाही तर दुसऱ्या कोणाला समजणार. तारीख, ॲपचं नाव आणि जे दिसलं ते वहीत उतरवा, दर तीन महिन्यांनी परत बघा. फेलोशिपसाठी वयाची अट काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते, पण ही वही कळव्याच्या त्या मुलीला किंवा बदलापूरच्या त्या विद्यार्थिनीला द्यायला कुठलीच अट आड येत नाही. तुमची हरकत नसेल तर मासिकाच्या पत्त्यावर पहिल्या चाळीस ॲपची नोंद पाठवा, पुढच्या अंकात त्यासाठी दोन पानं मोकळी ठेवायला मी संपादकांना सांगितलंय.